ॲपमधून ईमेल जात नसेल तर : एसईएसची क्रेडेन्शियल आणि परवानग्या कशा तपासाव्यात

ॲपमधून ईमेल जाणे थांबले, की बहुतेक जण आधी नवी ॲक्सेस की (ॲपने सेवेला ओळख पटवण्यासाठी वापरायची आयडी आणि गुप्त सीक्रेट की यांची जोडी) तयार करतात आणि तेवढ्याने भागले नाही, तर युझरला सरसकट ॲडमिनची परवानगी देऊन मोकळे होतात. यांपैकी काहीही करण्याआधी एका प्रश्नाचा निकाल लावायला हवा : सेवेने आपल्याला ओळखलेच नाही, की ओळखले पण काम करू दिले नाही? पुढील विवेचन ॲमेझॉनच्या सिंपल ईमेल सर्व्हिसला, म्हणजे एसईएसला, धरून केले आहे.

या प्रश्नाचे उत्तर लॉगमध्ये, म्हणजे ॲपच्या नोंदींमध्ये, सापडते. मात्र त्यासाठी ॲपने स्वतः तयार केलेला संदेश न वाचता सेवेकडून आलेले मूळ उत्तर वाचावे. एसएमटीपीने (ईमेल पाठवण्याच्या प्रचलित प्रोटोकॉलने) पाठवताना ५३५ हा कोड आला, तर दोष क्रेडेन्शियलमध्ये, म्हणजे ओळख पटवणाऱ्या युझरनेम-पासवर्डमध्ये, आहे आणि परवानग्यांना हात लावण्याचे कारण नाही. ५५४ मात्र फसवा आहे. परवानगी नसली तरी तोच येतो आणि ईमेल पत्ता एसईएसकडे पडताळलेला नसला तरीही तोच येतो. म्हणून आकड्यावर न थांबता पुढचे वाक्य शेवटपर्यंत वाचावे, कारण कोणती परवानगी कमी पडली किंवा कोणता पत्ता कोणत्या रीजनमध्ये (ॲमेझॉनच्या सर्व्हरच्या भौगोलिक विभागात) पडताळलेला नाही, हे त्यातच लिहिलेले असते.

५३५ चे नेहमीचे कारण असे, की एसएमटीपीचा पासवर्ड आणि सीक्रेट ॲक्सेस की या एकच गोष्टी आहेत असे गृहीत धरले जाते. एसएमटीपीचे युझरनेम ॲक्सेस की आयडीसारखेच दिसते, त्यामुळे पासवर्डच्या जागी सीक्रेट की टाकण्याचा मोह होतो. प्रत्यक्षात तो पासवर्ड सीक्रेट की आणि रीजन यांवरून गणित करून काढलेला असतो. साहजिकच मुंबई रीजनसाठी काढलेला पासवर्ड व्हर्जिनियाच्या सर्व्हरवर चालत नाही. ‘एएसआयए’ या अक्षरांनी सुरू होणाऱ्या तात्पुरत्या कीपासून असा पासवर्ड काढता येत नाही. ती की एपीआयसाठी, म्हणजे एसएमटीपीऐवजी कोडमधून सेवेला थेट विनंती करण्यासाठी, वापरतानाही सोबत सेशन टोकन द्यावे लागते. आणखी एक जागा नजरेतून सुटते : पासवर्डमध्ये अधिक किंवा तिरकी रेघ ही चिन्हे असू शकतात आणि एसएमटीपीची सारी माहिती एकाच यूआरएलमध्ये देणाऱ्या फ्रेमवर्कमध्ये ती एन्कोड करून, म्हणजे अनुक्रमे %२बी आणि %२एफ अशा रूपात (अर्थात रोमन लिपीत) लिहावी लागतात.

एपीआयने पाठवताना सिग्नेचर (सीक्रेट की वापरून विनंतीवर केलेली डिजिटल सही) जुळत नसल्याची तक्रार आली, तर सीक्रेट कीच्या शेवटी स्पेस किंवा नवी ओळ चिकटली आहे का, ते पाहावे. सर्व्हरचे घड्याळही तपासावे, कारण त्यात ५ मिनिटांहून अधिक फरक पडला तर विनंती नाकारली जाऊ शकते.

क्रेडेन्शियल बरोबर असूनही ‘ॲक्सेस डिनाइड’ येत असेल, तर पॉलिसी (परवानग्यांची लेखी यादी) उघडण्याआधी ॲप नेमके कोणाच्या नावाने बोलते आहे, हे पाहणे शहाणपणाचे ठरते. सर्व्हरला नीट बेतलेला रोल (कायमची की न ठेवता परवानग्या देणारी ओळख) दिलेला असतो, पण एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबलमध्ये कधीकाळी ठेवलेली जुनी की तशीच राहते, एसडीके (ॲपमधून ॲमेझॉनच्या सेवा वापरण्याची तयार लायब्ररी) रोलच्या आधी तीच उचलतो आणि आपण मात्र रोलची पॉलिसी बदलत बसतो. एसटीएस या ॲमेझॉनच्या ओळखविषयक सेवेची ‘गेट कॉलर आयडेंटिटी’ ही कमांड नेमके हेच नाव सांगते आणि ती चालवायला कोणतीही परवानगी लागत नाही. मात्र ती आपल्या लॅपटॉपवर चालवून उपयोग नाही, ॲप ज्या कंटेनरमध्ये किंवा सर्व्हरवर ज्या युझरने चालते, तिथेच चालवावी.

ओळख पटल्यावर पॉलिसीकडे वळावे. एसएमटीपीसाठी ‘सेंड रॉ ईमेल’ ही परवानगी लागते. केवळ ‘सेंड ईमेल’ दिल्याने भागत नाही. दोन्ही असूनही नकार येत असेल, तर पॉलिसीतील रिसोर्स (परवानगी ज्या पत्त्याला किंवा डोमेनला लागू आहे तो) आणि ‘फ्रॉम ॲड्रेस’वर घातलेली अट पाहावी. चाचणी म्हणून सगळे खुले करून पाहणे मला पटत नाही. नकाराच्या संदेशात ॲक्शन आणि रिसोर्स दोन्ही लिहिलेले असताना अंदाज बांधण्याची गरजच काय?

‘नॉट व्हेरिफाइड’ हा नकार क्रेडेन्शियलशीही संबंधित नसतो आणि पॉलिसीशीही. नवे खाते सँडबॉक्समध्ये, म्हणजे चाचणीपुरत्या मर्यादित अवस्थेत, असते. तिथे २४ तासांत २०० संदेश, सेकंदाला १ संदेश आणि तोही पडताळलेल्या पत्त्यांवर किंवा डोमेनवर, अशी मर्यादा आहे. पडताळणी आणि सँडबॉक्समधून सुटका या दोन्ही गोष्टी प्रत्येक रीजनसाठी स्वतंत्र असल्याने रीजन बदलल्यावर चालू असलेले ॲप अचानक बंद पडू शकते.

शेवटी की बदलावीच लागली, तर जुनी लगेच डिलीट न करता आधी निष्क्रिय करावी आणि तिचा शेवटचा वापर कधी झाला, ते कन्सोलमध्ये पाहावे. तिच्यापासून काढलेला एसएमटीपी पासवर्डही त्या क्षणी बंद पडतो, हे लक्षात ठेवून तो वापरणारी इतर ॲप्स आधी शोधून काढावीत.