ब्रेन ट्यूमरच्या ऑपरेशननंतरची गुंतागुंत नोंदवताना या चुका टाळा

महिनाअखेरच्या बैठकीत आठवणीतून यादी काढायची पद्धत आधी बंद करा. मृत्यू, किंवा रक्तस्रावामुळे पेशंटला पुन्हा थिएटरमध्ये न्यावं लागलं, हे सगळ्यांच्या लक्षात राहतं. पायातल्या शिरेत झालेली गुठळी, स्टेरॉइडमुळे वाढलेली साखर मात्र निसटते. नोंद रोज राउंडलाच व्हावी, आणि शक्यतो ऑपरेशन केलेल्या सर्जनने ती करू नये. काही झालं नसेल तर ‘नाही’ असं लिहा. रकाना कोरा राहिला की तपासलं नव्हतं की झालंच नव्हतं, हे नंतर कळायला मार्ग नसतो.

सगळ्यात जास्त माहिती हरवते ती डिस्चार्जनंतर. मुंबईत ऑपरेशन झालेला पेशंट नांदेडला घरी जातो, टाके तिथलेच डॉक्टर काढतात, जखम चिघळली तरी आपल्या रजिस्टरमध्ये सगळं ठीक! म्हणून 30 व्या दिवशी फोन कराच. पण ‘काही त्रास?’ असं विचारलंत तर ‘बरं आहे, डॉक्टर’ एवढंच ऐकू येईल. नेमकं विचारा: सकाळी उशी ओली असते का? वाकल्यावर नाकातून पाणी गळतं का? ताप, फिट? उशी ओली असेल तर सीएसएफ (मेंदूभोवतीचं पाणी) गळत असू शकतं, आणि त्यातून मेंदूज्वराचा धोका असतो. त्याच दिवशी बोलवून घ्या.

गुंतागुंत किती गंभीर हे ठरवणाऱ्या 2004 च्या क्लॅव्हियन-डिंडो वर्गवारीवरच विसंबणं हीही चूक. तिथे श्रेणी ठरते उपचारावरून. ऑपरेशननंतर उजवा हात लुळा पडला आणि फक्त फिजिओथेरपी लागली, तर ती पहिली, म्हणजे सर्वांत सौम्य श्रेणी! त्या हाताने शिवणकाम करणाऱ्या बाईचं काय? हातापायांची ताकद, बोलणं आणि कार्नोफ्स्की स्कोअर (पेशंट रोजची कामं स्वतः किती करू शकतो याचे गुण) ऑपरेशनआधी, डिस्चार्जला आणि तीन महिन्यांनी वेगळा लिहा. सप्लिमेंटरी मोटर एरिया, म्हणजे हालचालींची आखणी करणारा मेंदूचा भाग, त्याच्याजवळच्या ऑपरेशननंतर थांबलेली हालचाल बहुधा काही आठवड्यांत-महिन्यांत परतते. एकदाच तपासलं तर तात्पुरतं आणि कायमचं यांची गल्लत होते.

नोंदीतून बदल झाला नाही तर ती नुसती कारकुनी. पिट्युटरी या मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीच्या ऑपरेशननंतर रक्तातलं सोडियम बऱ्याचदा आठवड्याभराने, पेशंट घरी असताना उतरतं. तुमच्या यादीत असे पेशंट दिसले, तर सातव्या दिवसाची सोडियम तपासणी डिस्चार्ज कार्डावर छापूनच टाका.