लिव्हरच्या रुग्णाला गोळी लिहिताना

माझ्या नागपूरच्या धंतोलीतल्या ओपीडीत छिंदवाडा, बालाघाट, गोंदियाकडून सिरॉसिसचे (लिव्हर कायमचं खराब होऊन घट्ट झालेले) रुग्ण येतात. नवी गोळी लिहिण्याआधी मी त्यांना जुन्या गोळ्यांची पिशवी टेबलावर रिकामी करायला सांगते. नव्या डॉक्टरांनीही तिथूनच सुरुवात करावी.

"काकाजी, ही कशाची?" "गुडघ्याची, म्याडम." स्ट्रिप उलटी करून वाचली: एसिक्लोफेनॅक १००, पॅरासिटामॉल ३२५. शेजारीच सर्दीची गोळी, तिच्यातही पॅरासिटामॉल.

यातलं घातक आहे ते एसिक्लोफेनॅक. पोटात पाणी झालेल्या रुग्णाच्या किडनीचा रक्तपुरवठा प्रोस्टाग्लँडिन या शरीरातल्याच रसायनाच्या आधारावर टिकून असतो आणि डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, एसिक्लोफेनॅक ही दुखण्याची औषधं नेमका तोच आधार काढून घेतात. किडनी बसते, पोटातलं पाणी वाढतं, रक्तस्रावाचा धोकाही वाढतो. उलट सगळे घाबरतात त्या पॅरासिटामॉलला! दिवसाला २ ग्रॅमच्या आत ठेवलं तर दुखण्यावर तेच पहिलं औषध. फक्त हिशोब सगळ्या गोळ्यांचा मिळून करा.

एसजीपीटी (लिव्हरला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) नॉर्मल आलं म्हणून निर्धास्त होऊ नका. सिरॉसिसमध्ये ते नॉर्मल असू शकतं. लिव्हर किती काम करतंय हे बिलिरुबिन, अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन), आयएनआर (रक्त गोठण्याची चाचणी), पोटातलं पाणी आणि रुग्णाची शुद्ध सांगते. यावरून चाइल्ड-प्यू स्कोअर, म्हणजे आजाराच्या तीव्रतेचे ५ ते १५पैकी गुण, काढा. ७ किंवा जास्त आला, तर प्रत्येक औषधाचा डोस नव्याने तपासा.

"रात्री झोप नाही, दिवसा पेंगतात," असं घरचे म्हणाले की झोपेची अल्प्राझोलाम लिहायला हात शिवशिवतो. थांबा. ही एन्सेफॅलोपॅथीची, म्हणजे लिव्हर बिघडल्याने मेंदूवर होणाऱ्या परिणामाची, सुरुवात असू शकते. आधी शौचाचं विचारा, कारण बद्धकोष्ठाने ती बळावते. पोट साफ करणाऱ्या लॅक्टुलोजचा डोस दिवसाला दोन-तीनदा मऊ शौच होईल असा बसवा.

गुळवेलीचा काढा चालू आहे का, हे आवर्जून विचारा, कारण आपणहून कुणी सांगत नाही. त्याने लिव्हरला इजा झाल्याच्या केसेस मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१मध्ये नोंदवल्या आहेत.

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५च्या घरात जातो. तेव्हा फ्युरोसेमाइड, स्पायरोनोलॅक्टोन ही लघवी वाढवणारी औषधं घेणाऱ्यांना बजावून ठेवा: जुलाब-उलट्या लागल्या तर त्याच दिवशी फोन करायचा. क्रिएटिनिन (किडनीची चाचणी), सोडियम बघितल्याशिवाय तोच डोस पुढे रेटू नका.

चिठ्ठीच्या तळाशी मराठी-हिंदीत ठळक लिहा: 'लिव्हरचा रुग्ण. दुखण्याची किंवा झोपेची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये.' गावातला मेडिकलवाला ते वाचतो.