आधी नकाशा, मग प्रकल्प : अक्षय ऊर्जेच्या क्षेत्रनियोजनात येणाऱ्यांसाठी

नोकरीच्या पहिल्या दोन वर्षांत मी एकच अहवाल सात-आठ वेळा लिहिला असेन. प्रकल्पाचं नाव बदलायचं, पवनचक्क्यांची संख्या बदलायची. पक्ष्यांची यादी, मातीचं वर्णन, पाणवठ्यांचे नकाशे जवळपास तेच. एकाच पठारावर चार कंपन्यांचे प्रकल्प शेजारी शेजारी आणि प्रत्येकाचा ईआयए (पर्यावरणावरच्या परिणामांचं मूल्यांकन) वेगळा. निष्कर्ष मात्र सगळीकडे सारखा : गिधाडांवरचा परिणाम नगण्य. असे चार नगण्य परिणाम एकत्र केले तर काय होतं, हे कुणी विचारत नव्हतं. मीही नाही, कारण मला शुक्रवारपर्यंत अहवाल द्यायचा होता.

मग बदली झाली ती अशा गटात, जिथे प्रकल्प येण्याआधीच अख्ख्या प्रदेशाचा नकाशा करायचं काम होतं. पर्यावरणशास्त्र, भूगोल, नगररचना किंवा जीआयएस (संगणकावरचं नकाशाशास्त्र) शिकलेली मुलं हल्ली या कामाबद्दल बरंच विचारतात, म्हणून हे लिहिते आहे.

ईआयए विचारतो, 'हा प्रकल्प इथे बांधायचा तर काय काळजी घ्यायची?' तोवर जमिनीचे करार झालेले असतात, पैसे गुंतलेले असतात, 'इथे नकोच' म्हणायची वेळ निघून गेलेली असते. धोरणात्मक पर्यावरण मूल्यांकन, म्हणजे एसईए, हा प्रश्न आधी विचारतं : एवढ्या मोठ्या प्रदेशात पवनचक्क्या किंवा सौर पॅनेल कुठे चालतील आणि कुठे अजिबात नकोत? जे प्रदेशाच्या पातळीवर एकदा तपासलं, ते प्रत्येक प्रकल्पात पुन्हा उगाळायचं नाही. वेळ वाचतो तो इथे. नवख्यांना वाटतं की नियम सैल केले म्हणून वाचतो. काही ठिकाणी तसंही होतं, ते वेगळं.

दक्षिण आफ्रिकेचं उदाहरण नीट अभ्यासा. तिथल्या सीएसआयआर या संशोधन परिषदेने पर्यावरण खात्यासाठी एसईए केलं आणि २०१८ मध्ये आठ अक्षय ऊर्जा विकास क्षेत्रं राजपत्रात जाहीर झाली. २०२१ मध्ये आणखी तीन. या क्षेत्रांत मोठ्या पवन आणि सौर पीव्ही (पॅनेलवर वीज करणाऱ्या) प्रकल्पांना पूर्ण ईआयएऐवजी छोटं 'बेसिक असेसमेंट' पुरतं आणि निर्णयाची मुदत १०७ दिवसांवरून ५७ दिवसांवर आली. बातम्यांत हे ५० दिवसच गाजतात. मला महत्त्वाचं वाटतं ते त्यामागचं काम : पक्षी, वटवाघळं, शेती, वारसास्थळं, भूदृश्य अशा विषयांचे तज्ज्ञ कुठल्याही कंपनीच्या अर्जाआधी कामाला लागले होते.

अमेरिकेत २०१२ मध्ये नैर्ऋत्येकडच्या सहा राज्यांतल्या सरकारी जमिनीवर १७ सौर ऊर्जा क्षेत्रं ठरली, मिळून सुमारे २ लाख ८५ हजार एकर. नेवाडातल्या ड्राय लेक क्षेत्रातल्या तीन प्रकल्पांची तपासणी दहा महिन्यांच्या आत झाली आणि २०१५ मध्ये मंजुरी मिळाली. पण २०१३ मध्ये कोलोरॅडोतल्या अशाच क्षेत्रांमधल्या जमिनींचा लिलाव झाला तेव्हा एकही बोली आली नाही. पर्यावरणाच्या दृष्टीने उत्तम जागा आखून भागत नाही. वीज वाहून नेणाऱ्या लाइन, जवळचं सबस्टेशन, विजेची मागणी या गोष्टीही त्याच टेबलावर हव्यात. म्हणून पर्यावरणवाल्यांनो, ग्रिडच्या माणसाशी पहिल्या महिन्यातच ओळख करून घ्या.

युरोपीय संघाने २०२३ च्या सुधारित अक्षय ऊर्जा निर्देशात हीच कल्पना खूप पुढे नेली आहे. सदस्य देशांनी फेब्रुवारी २०२६ पर्यंत 'गतिवर्धन क्षेत्रं' आखायची. छपरं, पार्किंग, जुन्या खाणी, कचराभूमी यांना प्राधान्य. नॅचुरा २००० या युरोपीय जाळ्यातली संरक्षित स्थळं वगळायची. या क्षेत्रांत ठरलेले उपाय पाळणाऱ्या प्रकल्पाला सहसा वेगळा ईआयए लागत नाही. नव्या प्रकल्पाचं स्क्रीनिंग (प्राथमिक छाननी) ४५ दिवसांत आणि जमिनीवरच्या प्रकल्पाची सगळी परवानगी प्रक्रिया १२ महिन्यांत उरकायची. माझं मत विचाराल तर कल्पना चांगली आहे, पण सगळा भार नकाशावर आला आहे. ईआयएमधली चूक एका प्रकल्पापुरती असते. क्षेत्राच्या नकाशातली चूक त्यातल्या प्रत्येक प्रकल्पात उतरते.

आता प्रत्यक्ष काम. सुरुवातीला सगळे लेयर, म्हणजे एकेका विषयाचे नकाशाथर, गोळा करण्यात रमतात. मीही रमले. पहिल्याच आठवड्यात घरट्यांभोवती दोन किलोमीटरचा बफर (राखीव पट्टा) काढायला गेले आणि अर्धा नकाशा लाल झाला. डेटा अक्षांश-रेखांशांत होता, त्यामुळे सॉफ्टवेअरने 'दोन' म्हणजे दोन अंश घेतले, दोनशेवीसएक किलोमीटर! प्रोजेक्शन, म्हणजे डेटा अंशांत आहे की मीटरमध्ये, तपासायची सवय मला तेव्हापासून लागली.

ती चूक निदान दिसली तरी. न दिसणाऱ्या चुका जास्त घातक. समजा प्रत्येक घटकाला गुण देऊन बेरीज केली : वारा उत्तम, रस्ता जवळ, सबस्टेशन जवळ, आणि नेमका तिथेच गिधाडांच्या रातनिवाऱ्याचा कडा. सरासरी 'चांगली' येते आणि कडा आकड्यांत विरघळून जातो. म्हणून संवेदनशीलतेची बेरीज करू नका. एखाद्या पिक्सेलमध्ये (नकाशाच्या एका चौकटीत) कुठलाही एक घटक 'अतिसंवेदनशील' असेल तर पिक्सेल अतिसंवेदनशील. वारा, जमीन, ग्रिड यांचं गणित वेगळ्या नकाशात ठेवा आणि मग दोन्ही एकमेकांवर ठेवून बघा.

दुसरी गोष्ट हिरव्या रंगाची. माझ्या एका नकाशात मोठा पट्टा 'कमी संवेदनशील' म्हणून हिरवागार आला होता. सादरीकरणात एका ज्येष्ठ पक्षीतज्ज्ञ बाईंनी विचारलं, 'इथे पक्षी नाहीत, की इथे कुणी गेलंच नाही?' परत येऊन नोंदी तपासल्या. हौशी निरीक्षकांच्या बहुतेक नोंदी डांबरी रस्त्यांना चिकटून होत्या. त्या पट्ट्यात रस्ताच नव्हता. आता मी प्रत्येक नकाशासोबत 'माहितीची खात्री' दाखवणारा वेगळा लेयर देते. काही वरिष्ठांना तो आवडत नाही, कारण त्यामुळे नकाशा अर्धवट दिसतो. असतोच तो अर्धवट.

'पडीक' या शब्दाचंही तसंच. उपग्रहचित्रात उघडी दिसणारी जमीन कुणाचं तरी चराऊ रान असते, आणि गवताळ माळ म्हणजे बिघडलेलं जंगल नव्हे. राजस्थानातल्या माळढोकाचं प्रकरण वाचा. तारांना धडकून पक्षी मरतात म्हणून सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये विस्तीर्ण क्षेत्रातल्या वीजवाहिन्या जमिनीखाली नेण्याचा आदेश दिला. मार्च २०२४ मध्ये सुमारे ९९ हजार चौ.किमी. क्षेत्राबाबतचा तो आदेश मागे घेऊन तज्ज्ञ समिती नेमली. भारताच्या २००६ च्या ईआयए अधिसूचनेत सौर पीव्ही आणि पवन प्रकल्प येतच नाहीत. तिथे प्रक्रिया लहान करण्याचा प्रश्नच नव्हता. तारा ओढण्याआधी 'इथे नको' म्हणायला कुणी बसलं असतं तर हे भांडण कोर्टात इतकं ताणलं नसतं.

आणि नकाशा सगळं सांगत नाही. एक किलोमीटरच्या चौकटींच्या नकाशावर घरटं दिसत नाही, वटवाघळं कुठल्या महिन्यात किती उंचीवर उडतात तेही नाही. पवनचक्की दोनशे मीटर सरकवायची का, हे शेवटी पायी फिरूनच ठरतं. म्हणून निदान एक पूर्ण हंगाम फील्डवर काढा, मग ऑफिसची खुर्ची घ्या.

शिकायचं काय? क्यूजीआयएस हे नकाशाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, तेवढं सुरुवातीला पुरतं, पायथन नंतर. कायद्याचा मूळ मजकूर वाचायची भीती घालवा. एसईए अहवाल हाती आला की हरकती आणि त्यांची उत्तरं आधी वाचा, खरी भांडणं तिथे असतात. पक्ष्यांसाठी बर्डलाइफ या संस्थेचं एव्हिस्टेप हे संवेदनशीलतेच्या नकाशाचं साधन हाताळून बघा.

नोकरीच्या अर्जासाठी एक छोटा प्रकल्प स्वतः करा. ग्लोबल विंड अ‍ॅटलास, ओपनस्ट्रीटमॅपवरच्या वीजवाहिन्या, संरक्षित क्षेत्रांच्या सीमा, भूआच्छादनाचा दहा मीटरचा नकाशा, एवढं सगळं मोफत मिळतं. एक जिल्ह्याएवढा प्रदेश घ्या आणि निकष थोडे बदलून दोन नकाशे करा. मग तिसरा करा : दोन्हींत उत्तर कुठे बदललं, तेवढंच दाखवणारा. मुलाखतीत तो तिसरा आधी उघडा.