लायपोसक्शन की टमी टक? पोटाचं ऑपरेशन ठरवताना या चुका टाळा

दोन बाळंतपणं झाली, वजनही बऱ्यापैकी उतरलं, तरी साडी नेसली की निऱ्यांच्या वर फुगवटा दिसतोच. अशा वेळी मैत्रिणीला लायपोसक्शनचा, म्हणजे नळीने चरबी ओढून काढण्याचा, गुण आला म्हणून आपणही तेच करून घ्यायचं, ही सर्वांत महागात पडणारी चूक. तिचं पोट चरबीने सुटलेलं असेल, तुमचं कदाचित स्नायू सैलावल्यामुळे.

ऑपरेशन निवडण्याआधी आपलं पोट कशामुळे पुढे आलंय ते ओळखायला हवं. उभं राहून चिमटीत पकडता येते ती कातडीखालची चरबी. लायपोसक्शनची नळी तेवढीच ओढून काढते. पोट टणक, गरगरीत असेल आणि चिमटीत फारसं काही येत नसेल, तर चरबी आत, आतड्यांभोवती साठलेली असते. तिथपर्यंत ही नळी जात नाही. आपल्याकडच्या कितीतरी पुरुषांची ढेरी याच प्रकारची. भारतीयांत पुरुषांची कंबर ९० आणि स्त्रियांची ८० सेंटिमीटरच्या वर गेली की मधुमेहाचा, हृदयविकाराचा धोका वाढला असं धरतात. तिथे आहार आणि व्यायामावरच भर द्यावा लागतो, आणि हे जो डॉक्टर स्पष्ट सांगतो त्याच्यावर मी जास्त विश्वास ठेवेन.

आता स्नायू. पाठीवर झोपा, गुडघे दुमडा आणि डोकं जरासं उचला. पोटाच्या मधोमध उभा उंचवटा आला किंवा बेंबीजवळ बोटं आत रुतली, तर गरोदरपणात ताणलेले दोन उभे स्नायू अजून फाकलेले असू शकतात. आधी फिजिओथेरपिस्टकडून व्यायाम शिकून काही महिने नेटाने करून पाहा. त्यानेही भागलं नाही तर टमी टकमध्ये, म्हणजे पोटाची सैल कातडी कापून उरलेली ताणून शिवण्याच्या ऑपरेशनमध्ये, हे स्नायू टाके घालून जवळ आणता येतात, लायपोसक्शनने नाही. खोकताना बेंबीशी गाठ येत असेल तर हर्नियाची तपासणी आधी. हर्निया लक्षात न घेता नळी फिरवली तर आतड्याला इजा होऊ शकते.

कातडीच लोंबत असेल तर खालची चरबी काढल्यावर ती रिकाम्या पिशवीसारखी आणखी लोंबते. सैलपणा फक्त बेंबीखाली असेल तर मिनी टमी टक पुरतं. बेंबीच्या वरही असेल तर पूर्ण टमी टक लागतं, आणि त्याचा व्रण कमरेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जातो. तो फिका होतो, पण पुसला जात नाही. हे मनाला पटत नसेल तर थांबा.

अजून मूल हवं असेल तर टमी टक त्यानंतरच. वजन निदान सहा महिने स्थिर असू द्या.

एक गोष्ट बायका डॉक्टरांपासून हमखास लपवतात: मशेरी. सिगारेट, गुटखा, मशेरी, सगळ्यांत निकोटिन असतं. ते रक्तवाहिन्या आकसवतं, आणि टमी टकनंतर ताणून शिवलेल्या कातडीला रक्त कमी पडलं तर ती काळी पडून मरते. ऑपरेशनच्या आधी आणि नंतर किमान चार आठवडे यातलं काहीही नको. लाजू नका, सांगाच. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर तेही सांगा, कारण त्यांनी रक्तात गुठळी होण्याचा धोका वाढतो.

दवाखान्याच्या पाटीवर ‘कॉस्मेटिक सर्जन’ लिहिलेलं पुरेसं नाही. प्लास्टिक सर्जरीतली एम.सीएच. किंवा डी.एन.बी. पदवी आहे का ते विचारा, मेडिकल कौन्सिलची नोंदणी तपासा. भूलतज्ज्ञ शेवटपर्यंत थांबणार का, आयसीयूची सोय कुठे, हेही विचारा. सवलतीच्या पॅकेजची मुदत संपतेय म्हणून घाईने तारीख घेऊ नका. निव्वळ सौंदर्यासाठीच्या ऑपरेशनला आरोग्य विमा सहसा मिळत नाही, तेव्हा ऑपरेशननंतर पोटाला बांधायचा पट्टा, औषधं आणि रजेचे दिवस धरून हिशेब मांडा. टमी टकनंतर साधारण सहा आठवडे जड उचलायचं नसतं. लहान मूल घरात असेल तर त्याला कोण उचलून घेणार ते आधीच ठरवा.

घरी आल्यावर एका पोटरीला सूज येऊन ती दुखू लागली, अचानक धाप लागली किंवा छातीत दुखलं, तर सकाळची वाट पाहू नका. पायातली गुठळी फुप्फुसात गेलेली असू शकते. रात्रीचे दोन वाजले असले तरी थेट हॉस्पिटल गाठा.