लाइट आली आणि टीव्ही गेला? या चुका टाळा

मुंबईत लाइट फारशी जात नाही, त्यामुळे घरातल्या उपकरणांच्या संरक्षणाचा विचार आपण टीव्ही जळाल्यावरच करतो. आणि करतो तेव्हा डोक्यात असते आकाशातली वीज. पण इथल्या बहुतेक केबल जमिनीखालून जातात, म्हणून तो धोका कमी. पत्र्यावर पाऊस आपटत असताना घाबरायचंच असेल, तर तळमजल्यावरच्या मीटर रूममधल्या गंजलेल्या जोडांना घाबरा.

"एमसीबी आहे ना!"

एमसीबी (आपोआप पडणारा स्विच) पडते जादा भाराला आणि शॉर्ट सर्किटला. आरसीसीबी (तसाच दुसरा स्विच) पडते करंट जमिनीकडे गळू लागला की. 230 व्होल्टचे 300 झाले तर दोघीही ढिम्म. तोवर इन्व्हर्टर एसीच्या पीसीबीचं (आतल्या इलेक्ट्रॉनिक बोर्डाचं) काम झालेलं असतं. स्टॅबिलायझरही सावकाश होणाऱ्या चढउतारांसाठी असतो. मायक्रोसेकंदांत येऊन जाणारा झटका त्याच्या रिलेला कळतही नाही.

स्पाइक गार्ड म्हणून आणलेला साधा बोर्ड

लाल दिवा आणि फ्यूज असलेला प्रत्येक एक्स्टेंशन बोर्ड स्पाइक गार्ड नसतो. खऱ्या गार्डमध्ये एमओव्ही नावाचा छोटा घटक असतो, तो जादा दाब अंगावर घेऊन बाजूला वळवतो. पाकिटावर जूलचा आकडा (किती ऊर्जेचा झटका पेलेल, ते) नसेल तर मी तरी तो घेणार नाही. एमओव्ही प्रत्येक झटक्यानिशी झिजतो, म्हणून संरक्षण चालू असल्याचा दिवा विझला की बोर्ड बदलायचा, जरी प्लग चालत असले तरी. डीबीमध्ये (एमसीबींच्या डब्यात) बसवायचं एसपीडी, म्हणजे झटका अडवणारं यंत्र, त्याहून चांगलं. त्याची हिरवी खिडकी लाल झाली की कार्ट्रिज बदला.

पण हे सगळं झटका टाकणार कुठे? अर्थिंगमध्ये. जुन्या चाळींत, पागडीच्या खोल्यांत तिसऱ्या पिनच्या भोकामागे कित्येकदा वायरच नसते. त्याहून वाईट म्हणजे काही वायरमन तिथे न्यूट्रलच (करंट परत नेणारी वायर) जोडून देतात. टेस्टरला सगळं ठीक दिसतं, पण न्यूट्रल तुटली की फ्रिजचं दार आणि वॉशिंग मशीनचा पत्रा फेजवर येतो, म्हणजे हात लावला की शॉक. लायसन्सवाल्या वायरमनकडून न्यूट्रल आणि अर्थमधला व्होल्टेज मोजून घ्या. तो दोन-चार व्होल्टच्या आसपास असावा. दहा-वीस दाखवला तर काहीतरी बिघडलंय.

सैल न्यूट्रल ओळखता न येणं

माझ्या मते सगळ्यात महागडी चूक हीच. इमारतीला तीन फेज येतात आणि न्यूट्रल सामाईक असते. ती मीटर रूममध्ये सैल झाली की ज्या फेजवर भार कमी, तिथला दाब चढतो, थेट 400 व्होल्टच्या दिशेने. शेजाऱ्याचे दिवे मंद, तुमचे डोळे दिपवणारे, पंखा विमानासारखा. हे काही मायक्रोसेकंदांचं प्रकरण नाही, मिनिटंच्या मिनिटं चालतं. अशा वेळी एमओव्ही तापून स्वतःच जळतो, त्यामुळे एसपीडी असूनही घर सुरक्षित नसतं. इथे उपयोगी पडतो ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर: दाब मर्यादेबाहेर गेला की तो घराची लाइन तोडतो आणि दाब स्थिरावल्यावर थोड्या वेळाने पुन्हा जोडतो. दोन्ही एकत्र असलेलं बरं.

दिवे असे वागताना दिसले तर "बघू, होईल नीट" म्हणू नका. आधी मेन स्विच बंद करा, मग शेजाऱ्यांची दारं ठोठवा.

लाइट आल्याबरोबर सगळं चालू ठेवणं

12 ऑक्टोबर 2020 ला ग्रिड कोसळून मुंबईची लाइट गेली होती, तसं रोज होत नाही. पण लाइट गेली की एसी, टीव्ही, कॉम्प्युटर बंद करा, प्लग काढा. लाइट परत आल्यावर एक दिवा लावून बघा, उजेड स्थिर वाटला की बाकीचं एकेक करून चालू करा. फ्रिज आणि एसीला पाचेक मिनिटं थांबू द्या, कॉम्प्रेसर आतल्या वायूच्या दाबाखाली सुरू होणं टळतं.

केबल टीव्हीची आणि ब्रॉडबँडची तांब्याची वायर लोक विसरतात. गच्चीवरच्या डिशकडून येणारा झटका सेट-टॉप बॉक्समधून टीव्हीत शिरतो, पॉवरचा प्लग काढलेला असला तरी. गडगडाट सुरू झाला की त्याही काढा.

मीटर रूममध्ये पाणी शिरलं असेल किंवा न्यूट्रलचा संशय असेल, तर कटआउट (मीटरजवळचा फ्यूज) कोणीही स्वतः उघडू नका, वीज कंपनीला कळवा. शहरात बेस्ट, उपनगरांत अदानी किंवा टाटा पॉवर, भांडुप-मुलुंडकडे महावितरण. ज्यांचं बिल येतं त्यांचा तक्रार नंबर बिलावरच छापलेला असतो.