दीपगृहाचा झोत कसा मोजायचा आणि भिंगावरून तो कसा पडताळायचा

बडोद्याहून सौराष्ट्र मेलने द्वारका-ओख्याला जाणारे बहुतेक जण दीपगृह दिवसाउजेडी बघतात आणि फोटो काढून परततात. पण ते बघावं अंधार पडल्यावर, हातात स्टॉपवॉच घेऊन. ओखामंडळ हा गायकवाडांच्या बडोदे संस्थानाचाच मुलूख होता, तेव्हा बडोदेकरांना तरी या किनाऱ्यावरच्या दिव्याची ओळख असायला हवी.

किनाऱ्यावर रात्री शेकडो दिवे असतात. त्यातला दीपगृहाचा कोणता, हे खलाशाला झोतांच्या ठरलेल्या क्रमावरून कळतं. शेजारच्या दोन दीपगृहांचा क्रम मुद्दाम वेगळा ठेवलेला असतो. एकात दर दहा सेकंदांनी एक झोत असेल, तर दुसऱ्यात लागोपाठ दोन आणि मग लांब काळोख.

मोजायची रीत अशी. आधी काहीही न मोजता दोन-तीन आवर्तनं नुसती बघा आणि सगळ्यात लांब काळोख कुठला ते ठरवा. तो संपून पहिला झोत दिसला की घड्याळ सुरू करा. पाच आवर्तनं होऊ द्या, आणि सहाव्या वेळी लांब काळोखानंतरचा पहिला झोत आला की थांबवा. आलेल्या वेळेला पाचाने भागा. एकच आवर्तन मोजलं तर बोट दाबायला झालेला उशीर पूर्ण उत्तरात उतरतो. पाचांत तो वाटला जातो. नवखा माणूस हमखास चुकतो ते जोडझोतात: पहिल्यापासून दुसऱ्यापर्यंतचा वेळ मोजतो आणि दीपगृह भलतंच निघतं. घड्याळ मोबाइलवर असेल तर ते दुसऱ्याच्या हाती द्या, कारण पडद्याच्या उजेडाने डोळ्यांना अंधाराची झालेली सवय जाते.

आता नकाशा. सागरी नकाशावर दिव्याशेजारी क्रम, सेकंद, उंची आणि पल्ला एका ओळीत लिहिलेले असतात. तिथे छोट्या लिपीतला एम म्हणजे मीटर आणि मोठ्या लिपीतला एम म्हणजे सागरी मैल (1852 मीटर). इथे गल्लत झाली की पुढचा सगळा हिशेब बिघडतो. पृथ्वीच्या गोलाईमुळे दिवा किती लांबून दिसेल, ते काढण्यासाठी दिव्याच्या आणि आपल्या डोळ्यांच्या समुद्रसपाटीपासूनच्या उंचीची (मीटरमध्ये) वर्गमुळं काढून बेरीज करा आणि 2.08 ने गुणा. उत्तर सागरी मैलांत येतं. दिवा 36 मीटरवर आणि डोळे 4 मीटरवर असतील तर 6 अधिक 2, गुणिले 2.08, म्हणजे सुमारे 16.6 सागरी मैल. हवेत धूळ किंवा धुकं असलं की प्रत्यक्षात कमी.

वर जायला मिळालं तर भिंग नीट बघा. फ्रेंच अभियंता फ्रेनेल याने जाड भिंगाऐवजी काचेच्या कड्यांचं भिंग बनवलं, आणि 1823 मध्ये ते फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या कोर्दुआँच्या दीपगृहात बसलं. मधला फुगीर गोल आणि भोवतीची कडी मिळून एक फलक होतो. भिंग फिरताना प्रत्येक फलक एक झोत फेकतो. सारख्या अंतरावर चार फलक असलेलं भिंग 40 सेकंदांत एक फेरा घेत असेल, तर झोत दर 10 सेकंदांनी. दोन-दोन फलक जवळजवळ बसवले की जोडझोत. म्हणजे खाली वाळूवर मोजलेलं उत्तर वर फलक मोजून पडताळता येतं. आता बऱ्याच ठिकाणी एलईडी दिवे आलेत. त्यातल्या बऱ्याच दिव्यांत काहीच फिरत नाही. दिवा सगळीकडे एकदमच लागतो आणि विझतो.

दिवा भिंगाच्या नाभीतच (समांतर किरण भिंग ज्या बिंदूत एकवटतं तिथेच) हवा, आणि इथे मिलिमीटरचा हिशेब असतो. 250 मिलिमीटर नाभीय अंतराच्या भिंगात दिवा 5 मिलिमीटर खाली बसला, तर झोताचा मध्य एक अंशाहून जास्त वर जातो. 20 किलोमीटरवर तो जहाजाच्या सुमारे 400 मीटर वरून निघून जाईल. बल्ब बदलल्यावर उंची तपासतात ती यासाठी. दिवसा पडदे ओढून ठेवतात त्यालाही कारण आहे: हेच भिंग उन्हाला उलट आत गोळा करतं आणि दिव्याचा भाग जाळू शकतं. काच पुसताना आधी मऊ ब्रशने धूळ काढतात. खारट कण कोरड्या फडक्याने घासले तर ओरखडे पडतात, आणि ओरखड्यांवर उजेड विखुरतो.

जुनी, काही टनांची भिंगं पाऱ्याच्या कुंडात तरंगतात, म्हणूनच ती एका बोटाने फिरू शकतात. पाऱ्याची वाफ विषारी असते. कुंडावर वाकू नका, तळाशी चकाकणारा थेंब दिसला तर हात न लावता तिथल्या कर्मचाऱ्याला सांगा. अंगठी किंवा बांगडी त्याला लागू देऊ नका: पारा सोन्यात मुरतो, दागिना पांढरा पडतो आणि ठिसूळ होतो.