ड्रॅको दीर्घिकेत डार्क मॅटरचा माग: फर्मीचा डेटा कसा वापरावा

डार्क मॅटरचे (न दिसणाऱ्या, फक्त गुरुत्वामुळे जाणवणाऱ्या पदार्थाचे) कण एकमेकांवर आदळून नष्ट होत असतील, तर त्यातून गॅमा किरण निघायला हवेत. आकाशगंगेच्या केंद्रात ते सर्वांत जास्त असणार, पण तिथे पल्सार आणि वायूची एवढी गर्दी आहे की वाद काही मिटत नाही. सुमारे अडीच लाख प्रकाशवर्षांवरच्या ड्रॅको या बटू दीर्घिकेत वायू जवळपास नाहीच. सुरुवात तिथून करावी.

फर्मी या अवकाशातल्या गॅमा किरण दुर्बिणीचा ४ ऑगस्ट २००८पासूनचा डेटा नासाच्या सर्व्हरवर मोफत मिळतो. विषुवांश २६०.०५°, क्रांती ५७.९२°, त्रिज्या १२°, ऊर्जा ५०० एमईव्ही ते ५०० जीईव्ही (दशलक्ष आणि अब्ज इलेक्ट्रॉन व्होल्ट) असं मागवा. स्पेसक्राफ्ट फाइलही (दुर्बीण कधी कुठे रोखलेली होती याची नोंद) घ्या. १०० एमईव्हीला फोटॉनची दिशा पाचेक अंशांनी पसरते, म्हणून फार खाली जाण्यात अर्थ नाही.

फर्मीच्या सॉफ्टवेअरमधल्या जीटीसिलेक्ट या फोटॉन निवडणाऱ्या साधनात इव्हेंट क्लास १२८, टाइप ३, झेनिथ (डोक्यावरच्या बिंदूपासूनचा कोन) मर्यादा १००° ठेवा, म्हणजे पृथ्वीच्या कडेचे गॅमा किरण गाळले जातात. मग चांगल्या निरीक्षणाचा काळ निवडणारं जीटीएमकेटाइम, आणि १०° × १०° चौरसाचा काउंट्स क्यूब (जागा आणि ऊर्जेनुसार फोटॉनची मोजणी). खरी मेख जीटीएलटीक्यूबमध्ये, म्हणजे निरीक्षणाचा वेळ मोजणाऱ्या साधनात आहे. तिथेही झेनिथ १००° द्यावंच लागतं. द्यायचं राहिलं तर एरर येत नाही. एक्सपोजर फुगतं, फ्लक्स (येणाऱ्या किरणांचं प्रमाण) कमी दिसतो आणि शेवटी डार्क मॅटरवर निघणारी वरची मर्यादा फुकटची कडक निघते.

मॉडेलमध्ये फोरएफजीएल या फर्मीच्या कॅटलॉगमधले स्रोत, आकाशगंगेची पार्श्वभूमी आणि समदिक पार्श्वभूमी घाला. ड्रॅकोसाठी डीएमफिट फंक्शन (डार्क मॅटरच्या गॅमा किरणांचा वर्णपट देणारं) घ्या: चॅनल ४ म्हणजे बॉटम क्वार्कची जोडी, नॉर्म म्हणजे जे-फॅक्टर, तिथे डार्क मॅटर किती दाट आहे याचं माप (लॉगरिदम सुमारे १८.८, जीईव्ही² प्रति सेंमी⁵ या एककात). त्याची अनिश्चितता लाइकलिहूडमध्ये (मॉडेल डेटाशी किती जुळतं याच्या मापात) धरा.

डार्क मॅटर कणाच्या प्रत्येक वस्तुमानासाठी सिग्मा-व्ही (कण नष्ट होण्याचा दर) वाढवत न्या. लॉग-लाइकलिहूड कमालपेक्षा १.३५ने घसरलं की ती ९५ टक्क्यांची वरची मर्यादा. तुलना करायची ती ३ × १०⁻²⁶ घन सेंमी प्रति सेकंदाच्या आसपासच्या औष्णिक मूल्याशी, म्हणजे आज दिसतं तेवढं डार्क मॅटर उरण्यासाठी लागणाऱ्या दराशी.

टीएस (स्रोत धरल्याने फिट किती सुधारतो याचं माप) ९ आला म्हणून तीन सिग्मा म्हणू नका. अस्पष्ट, कॅटलॉगबाहेरच्या स्रोतांमुळे रिकाम्या आकाशातही असे उंचवटे सूत्रापेक्षा जास्त वेळा येतात. दूरच्या शेकडो रिकाम्या जागी हाच फिट चालवून पाहा, आणि किती वस्तुमानं चाळली तेही हिशेबात धरा.

एकाच ऊर्जेची रेषा शोधत असाल, तर झेनिथ कटने गाळलेला पृथ्वीच्या कडेचा डेटाही ठेवा. तिथला वर्णपट सलग उतरता असतो. त्यात टेकाड दिसलं तर संशय उपकरणावर. २०१२मध्ये गाजलेल्या १३० जीईव्हीच्या रेषेजवळ असंच टेकाड कडेच्या डेटातही होतं, आणि पुढे डेटा वाढला तशी ती रेषा विरत गेली.